मंडीदीपचा रस्ता आणि दिगूचा उजवा कान

परत येऊन पंधरा दिवस झाले. गाडीच्या टाकीवर सातपुड्याची धूळ अजून तशीच आहे. बायको रोज म्हणते, "पुसा हो ती एकदाची," आणि मी उद्यावर ढकलतो. अमरावती ते भोपाळ हा काही कुणी मुद्दाम करावा असा प्रवास नाही. लोक रात्री गाडीत बसतात आणि सकाळी उतरतात. मी मात्र मोटारसायकलने दोन दिवस घालवून गेलो, कारण मला त्या रस्त्याच्या टोकाला एका माणसाला काही सांगायचं होतं आणि ते तोंडात जुळवायला वेळ हवा होता.

आधी थोडं मागचं सांगतो. पंचविशीत मी भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात नोकरीला होतो. राहायला अवधपुरीत एक खोली, आणि खोलीत माझ्याबरोबर दिगू. दिगंबर. उज्जैनच्या मराठी घरातला, माझ्याहून वर्षभराने मोठा. मी स्टोअरमध्ये होतो आणि तो प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दिवसभर धाडधाड ठोकला जातो. गाडी एकच होती, माझी. तिच्या सायलेन्सरमधली आतली नळी मी काढून टाकली होती, कारण आपण येतोय हे चार गल्ल्या आधी कळलं पाहिजे असं मला तेव्हा वाटायचं. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. मी पुढे, दिगू मागे, चार वर्षं.

प्रेस शॉपवाल्यांना कानात घालायला स्पंजची पिवळी बुचं मिळायची. बाकीचे लोक ती गेटवर काढून खिशात टाकायचे. दिगू घरापर्यंत ठेवायचा. मला ते खपायचं नाही. दिवसभर स्टोअरमध्ये माझ्याशी बोलायला कुणी नसायचं, आणि परतीच्या वाटेवर मला भडाभडा बोलायचं असायचं. "काढ रे ती बुचं," मी म्हणायचो, "मी काय मागच्या सीटशी बोलू?" तो हात वर नेऊन काढल्यासारखं करायचा, मी गाडीला किक मारायचो, आणि मग वाऱ्याच्या आणि त्या फुटक्या सायलेन्सरच्या वर आवाज चढवून घरापर्यंत बोलत राहायचो. आमचा एक संकेत होता. पाठीवर एक थाप म्हणजे हळू घे, दोन थापा म्हणजे थांब. एका थापेला मी कधीमधी मान द्यायचो. दोन थापा पडल्या की "आलंच की घर!" असं ओरडून गाडी आणखी पिळायचो.

पुढे मी अमरावतीला परतलो. दिगू तिथेच राहिला. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं चालली होती आणि दिगू अक्षता टाकताना बाकीच्यांच्या हातांकडे बघत होता. सगळ्यांचे हात वर गेले की याचा हात वर. मला वाटलं, प्रेस शॉप. बिचाऱ्याने आयुष्य तिथे काढलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मग या दिवाळीनंतर माझ्याच कानात शिट्टी वाजायला लागली. कानाच्या डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि विचारलं, "पाखरांचा आवाज शेवटचा कधी नीट ऐकलात?" मला आठवेना. "मोटारसायकल किती वर्षं चालवता?" म्हटलं तीस. त्या म्हणाल्या, हेल्मेटच्या आत जो वारा घुमतो तोसुद्धा कान खातो, फक्त दुखत नाही म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. मी विचारलं, "आणि मागे बसणाऱ्याचं? हेल्मेट नसेल तर? सायलेन्सर फोडलेला असेल तर?" त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "कोण बसायचं?" त्या म्हणाल्या.

मी दिगूला फोन लावला. त्याच्या बायकोने, नंदावहिनींनी उचलला. "भाऊजी, त्यांना आता फोनवर कळत नाही हो. तुम्ही सांगा, मी लिहून दाखवते." मला जे सांगायचं होतं ते वहिनींकडून लिहवून घेण्यासारखं नव्हतं.

पहिला दिवस : वरूड, मुलताई, बैतुल

निघण्याआधी आरशासमोर उभं राहून बुचं घालायचा सराव केला. नारिंगी स्पंज बोटांत वळून सुतळीएवढा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बूच आत सरकवायचं आणि ते फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस असा स्वतःचाच कान पिरगाळून उभा आहे हे पाहून बायको म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी पिरगाळला."

अमरावती सुटली आणि मी एका वेगळ्याच जगात शिरलो. गाडी चालत होती पण तिचा आवाज लांबच्या खोलीतून यावा तसा. वारा छातीवर लागत होता पण ओरडत नव्हता. माझाच श्वास मला ऐकू येत होता. मोर्शीपासून वरूडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, ढिगांवर बसून निवडणाऱ्या बायका, त्यांची तोंडं हलताहेत, हसणं दिसतंय, आणि सगळं पाण्याखाली चाललंय. ट्रकचे हॉर्न मात्र स्वच्छ ऐकू येत होते, उलट आधीपेक्षा वेगळे काढता येत होते. तीस वर्षं मी वाऱ्यालाच रस्ता समजत होतो. दिगूसाठी पिशवीभर संत्री घेतली.

मुलताई सोडल्यावर उन्हं कलायला लागली. गव्हाची पोपटी रोपं, मधूनच मोहरीचा पिवळा तुकडा. अशा वेळी डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखं होतं. मागून चार-पाच मोटारसायकली आल्या. त्यातली एक माझ्या बरोबरीला आली. चालवणारी मुलगी होती, काळं जाकीट, पाठीवर वेणी. तिने डावा हात माझ्याकडे करून मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. मला फार बरं वाटलं. अनोळखी पोरगी वाटेत टाटा करते! मीही हात काढून मूठ उघडली, मिटली. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच. मीही पुन्हा तेच. असा आमचा प्रेमळ निरोप किलोमीटरभर चालला. शेवटी ती पुढे निघून गेली.

बैतुलच्या अलीकडे चहाच्या टपरीवर ती मंडळी उभी होती. नागपूरची होती. मी गाडी लावली तशी ती मुलगी आली आणि माझ्या गाडीच्या इंडिकेटरकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, हा मुलताईपासून चालू आहे. मूठ उघडली-मिटली म्हणजे इंडिकेटर बंद करा."

"मला वाटलं तू टाटा करतेस."

"मी चार वेळा सांगितलं! तुम्ही चारही वेळा मलाच परत सांगितलं. मी माझा बघून घेतला, म्हटलं माझाच चालू आहे की काय."

सगळे हसले. मीही हसलो. बुचांमुळे इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली नव्हती. आता दर वळणानंतर खाली बघायचं, हे मी मनात बांधून घेतलं. या पोरांची एक रीत मला आवडली. त्यांचे मागे राहिलेले दोघे आले, ते शंभर पावलं आधीच इंजिन बंद करून, गाड्या नुसत्या घरंगळत. मी विचारलं तर त्यातला एक म्हणाला, "काका, लोक चहा पीत असतात ना." त्याने हे इतक्या सहज म्हटलं की मला माझ्या अवधपुरीतल्या पहाटा आठवल्या. साडेपाचला गाडी चालू करून मी पाच मिनिटं नुसतीच गुरगुरवत ठेवायचो, गरम व्हायला. समोरच्या घरात नुकतंच बाळ झालं होतं. त्या घरातल्या कुणीही मला कधी काही म्हटलं नाही.

दुसरा दिवस : नर्मदेवरून अवधपुरी

बैतुलच्या लॉजमधून धुक्यातच निघालो. इटारसीपर्यंत सागाचं जंगल. धुक्यात सागाची मोठमोठी वाळकी पानं खाली येताना दिसायची, पडल्याचा आवाज नाही. मध्येच एक थांबा घेतला, बुचं काढली, आणि मग ऐकू आलं की ती पानं पडताना चांगली खडखडतात, ताटली पडल्यासारखी. मी बराच वेळ तिथे उभा होतो. पाखरंही असतील. माझ्या कानात शिट्टी होती.

होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर तर्री येते, इथे शेव येते आणि बाजूला जिलबी. पोहे खाताना माझं एक बूच जिलबीच्या पाकात पडलं. पोहेवाल्याने ते चिमट्याने उचलून निरखलं. "भाईसाब, ये कौन सी मिठाई है?" मी सांगितलं, कानात घालायचं आहे. तो म्हणाला, "हम तो घरवाली बोलती है तब भी नहीं डालते, आप सिर्फ सड़क के लिए डालते हो?" नवीन जोडी काढली. पाकातलं बूच त्याने परत दिलं नाही, बहुतेक घरी दाखवायला ठेवलं.

पुलावर गाडी अगदी हळू घेतली. खाली नर्मदा निळी, रुंद, आणि काठावर धुणी वाळत होती. मनात वाक्यं जुळवत होतो. 'दिगू, मी तुझे कान घालवले.' हे फार नाटकी झालं. 'दिगू, तुला आठवतं का, मी तुला बुचं काढायला लावायचो?' हे फार गुळगुळीत झालं. बुधनीच्या घाटात, बरखेड्याच्या जंगलात, ओबेदुल्लागंजला, एकेक वाक्य मागे टाकत गेलो. मंडीदीप आलं तेव्हा हातात एकही उरलं नव्हतं.

अवधपुरी ओळखू येईना. आमच्या वेळी मोजकी घरं आणि मध्ये बाभळी होत्या. आता तीनमजली घरं, कोचिंग क्लासच्या पाट्या. मी कोपऱ्यावरच इंजिन बंद केलं आणि त्या पोरांसारखा घरंगळत दिगूच्या फाटकापाशी गेलो. बेल दाबली. आवाज झालाच नाही, खिडकीत एक लाल बल्ब तेवढा लुकलुकला. बल्बपाठोपाठ दिगू आला.

"अरे अव्या! तू तर एकदम बुढ्ढा झाला यार!" तो ओरडला. तो आता सगळंच ओरडून बोलतो.

"तू काय जवान आहेस?"

"क्या?" त्याने मान वळवून डावा कान पुढे केला. त्यात यंत्र होतं.

वहिनी पुण्याच्या, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी भोपाळला आलेल्या आणि इथल्याच झालेल्या. थालीपीठ वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, ऐकवायचं असेल तर त्यांच्या डावीकडे बसा. उजवा कान पूर्ण गेलाय. मला भांडायचं असलं की मी उजवीकडे बसते, म्हणजे मनातलं बोलूनही होतं आणि भांडणही होत नाही."

"ती उजवीकडे बसली की मी समजतो," दिगू म्हणाला. "ऐकू येत नाही, पण समजतो."

"डॉक्टरसुद्धा म्हणतात, असं एकाच बाजूचं का झालं कळत नाही," वहिनी म्हणाल्या. मी डावीकडेच बसलो होतो. मी आणखी एक थालीपीठ मागून घेतलं.

तिसरा दिवस : बिट्टन मार्केट

हा दिवस मी वाया घालवला हे कबूल करतो. संध्याकाळी तिघे बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात गेलो. ताजा हिरवा मटार, गाजरं, मेथीच्या जुड्या, आणि शंभर माणसं एकदम भाव ओरडताहेत. दिगूने शिरतानाच यंत्र काढून खिशात टाकलं. मग तो स्वतःशीच हसत, भाज्यांना हात लावत त्या गर्दीतून चालत गेला, तळ्यात उतरल्यासारखा. मी पाठोपाठ होतो. एकदा वाटलं, आत्ता बोलून टाकावं, त्याला ऐकू येत नाहीये तोवर. मी खरंच तोंड उघडलं आणि म्हणालो, "दिगू, माझं चुकलं." त्याने वळून मला एक मटाराची शेंग सोलून दिली.

त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

चौथा दिवस : भोजपूर

सकाळी तो म्हणाला, "चल, जुना रस्ता मारू. मंडीदीप, मग भोजपूर. पंचवीस साल झाले तुझ्या मागं बसून."

मी त्याला हेल्मेट दिलं, आणि बुचांची नवी जोडी. त्याने यंत्र काढलं, डाव्या कानात बूच घातलं आणि दुसरं मला परत द्यायला लागला. "उजव्यात काय बचाना है? त्यात कुणी राहत नाही."

"घाल," मी म्हटलं. त्याला ऐकू आलं नाही. मग मीच बूच वळलं, त्याच्या डोक्यावरून हात नेऊन त्याचा उजवा कान वर ओढला, आत सरकवलं आणि ते फुगेपर्यंत बोट दाबून धरलं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. फाटकाशी वहिनीही बघत होत्या.

जुना रस्ता आता चार पदरी आहे. आमच्या कारखान्याच्या गेटवर वेगळंच नाव आहे. शिफ्ट सुटत होती, पोरं मोटारसायकलींवर दोघं दोघं निघत होती आणि मागचा पुढच्याच्या कानाशी वाकून काहीतरी ओरडत होता. मी सगळ्या वाटेत एक शब्द बोललो नाही.

भोजपूरचं शिवमंदिर पूर्ण झालेलं नाही. आत शिवलिंग मात्र इतकं मोठं की आपण आपोआप लहान होतो. बाहेर खडकावर बांधणाऱ्यांनी कोरलेल्या रेघा आहेत, व्हायच्या राहिलेल्या भागांचे नकाशे. आम्ही त्या खडकावर बसलो. खाली बेतवा नदीचं पाणी चमकत होतं. दिगूने बुचं काढली, यंत्र लावलं. मी त्याच्या डावीकडे बसलो आणि सांगितलं. कसंतरीच सांगितलं. बुचं, सायलेन्सर, थापा, डॉक्टरीण बाईंनी विचारलेला प्रश्न. आणि हेही, की तुझ्या मुलीच्या लग्नात मी तुला अक्षता टाकताना पाहिलं आणि दोष प्रेस शॉपला देऊन जेवायला बसलो.

तो बराच वेळ रेघांवरून बोट फिरवत होता.

"मी दोन्ही काढत नव्हतो," तो म्हणाला.

"काय?"

"बुचं. तू बोलायचास, काढ. मी एकच काढायचो. उजवं. तू बोलताना उजवीकडे मान करायचा ना. डावं तसंच ठेवायचो. तू कधी मागं वळून बघितलंच नाही."

सायलेन्सरही उजवीकडेच होता. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस? भांडायचं होतंस."

"कशाला भांडू? खोलीवर मी एकटा असतो तर चुप बसलो असतो. तुझी बकबक मला चांगली वाटायची यार." मग त्याचा आवाज बदलला. "राग आला होता. मुलीच्या लग्नात आला. सगळे रडत होते आणि मला कळेना, आता नेमकं कुठलं कडवं चाललंय. त्या दिवशी मी तुला मंडपात शोधला होता. तू जेवत होतास."

"हो."

"मग मी वापस आलो." त्याने डावा कान चोळला. "आता राग आहे का, मला माहीत नाही. कधी असतो, कधी नसतो. तू विचारू नको."

आम्ही संत्री सोलून खाल्ली.

परत निघालो तेव्हा ऊन मऊ झालं होतं. दोघांच्याही कानांत बुचं. झाडांच्या सावल्या रस्त्यावरून मुकाट सरकत होत्या, आणि मला वाटत होतं की आम्ही अजून पंचविशीतच आहोत, फक्त कुणीतरी आवाज काढून घेतला आहे. मंडीदीपच्या पुढे माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या.

मी आरसा पाहिला, डावीकडे घेतलं, थांबलो. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, बुचं काढली, त्याचं यंत्र लावून होईपर्यंत वाट पाहिली. "काय झालं रे?"

"काही नाही," दिगू म्हणाला. "थांबतोस का बघितलं."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा दोन थापा. पुन्हा सगळं काढलं, घातलं. "काही नाही." आता तो हसत होता. बाजूने जाणारा एक दूधवाला अस्सल भोपाळी हाक मारून गेला, "को खां, धक्का चाहिए क्या?"

तिसऱ्यांदा थापा पडल्या तेव्हा अवधपुरी जेमतेम दोन किलोमीटर उरली होती. घर आलंच होतं. मी थांबलो. या वेळी दिगू गाडीवरून उतरला, कडेच्या दगडावर बसला, यंत्र नीट केलं आणि बोलायला लागला. उज्जैनची गोष्ट होती, त्याच्या वडिलांची. चार वर्षं मी याच रस्त्यावर रोज बोलत होतो, आणि त्याचे वडील काय करायचे हे मला माहीत नव्हतं. गार होणारं इंजिन बारीक टिकटिक करत होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. ऊन गेलं, रस्त्यावर दिवे लागले, वहिनींचा फोन येऊन गेला, आणि तो बोलत होता.